वाढीचा हात

५ मार्च, शनिवार

ही वही शॅरिसनं आणून दिली. शॅरिस म्हणजे माझ्या बहिणीची, अर्लीनची लेक. अटलांटात असते आणि तिला सगळं लिहून ठेवलेलं लागतं. म्हणे, "मावशी, आजकाल मुली केसांची डायरी ठेवतात. कधी धुतले, काय लावलं, किती वाढले." मी म्हटलं, "केस डोक्यावर वाढतात बाई, वहीत नाही." तर म्हणते, "वाद घालू नकोस, लिही." आईवर गेलीय कार्टी.

तर लिहिते. मी वर्नेल, घरचे नेल म्हणतात. एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात पळी हलवली, आता घरीच. अर्लीन माझी धाकटी, चौपन्नची. महिन्यापूर्वी बिऱ्हाड गुंडाळून माझ्याकडे आली. दोन वर्षं कॅन्सरचं औषध चाललं होतं, त्यात केस, भुवया, पापण्या, सगळं गेलं. जानेवारीत सव्हाना शहरातल्या डॉक्टरांनी औषध बंद केलं. औषध बंद म्हणजे रोग हटला, एवढं मला कुणी शिकवायला नको.

आज तिच्या डोक्यावरून हात फिरवला तर बोटांना करडी लव लागली. तांदळाच्या दाण्याएवढी असेल. मला रडूच फुटलं. ती म्हणाली, "रडतेस काय, तेल लाव."

लहानपणी गल्लीतल्या सगळ्या मुली शनिवारी आमच्या पायरीवर रांग लावायच्या. नेलचा हात वाढीचा, असं आई चर्चभर सांगत फिरायची. काही बायांच्या हाताला तो गुण असतो. त्यांनी वेणी घातली की केस वाढतात, दुसरीनं घातली की तुटतात. म्हणून अर्लीनचं डोकं मी शॅरिसच्याही हाती देणार नाही. भाऊ गेला, आई गेली. अर्लीन मला राहिली पाहिजे. देवाजवळ आता दुसरं काही मागत नाही.

लावलं: एरंडेल तेल, कोमट करून.

२७ मार्च, ईस्टर

दिसायला केस तेवढेच दिसतात. आम्हा काळ्यांचे कुरळे केस लबाड, अंग चोरून बसतात. पण काल धुतल्यावर एक चिमटीत धरून ताणला, तो दोन बोटं भरला. सोडला तसा परत टाळूला जाऊन चिकटला.

शॅरिसला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "चुकून मोजलं असशील. महिन्याला अर्धा इंच वाढतात, मावशी. जगात कुणाचेही."

"त्या कुणाच्याही डोक्याला माझा हात नव्हता," मी म्हटलं.

 मग तिनं आईला फोन द्यायला सांगितलं, आणि अर्लीन फोन घेऊन मागच्या दारी गेली. त्या दोघींची हल्ली फार कुजबुज चालते.

आज चर्चला अर्लीन केसांचा टोप न घालता आली. खोक्यात तसाच ठेवला. म्हणाली, "तो मेल्या मांजरासारखा दिसतो. मेले तरी मला तो घालू नका." सणासुदीला असलं बोलणं. मी तिला चिमटा काढला. बायकांनी तिच्या डोक्याचं एवढं कौतुक केलं की मला उगाच मान ताठ झाल्यासारखं वाटलं. गाणी मात्र तिनं सगळी बसूनच म्हटली. उभं राहायचा तिला पहिल्यापासून कंटाळा.

३० एप्रिल, शनिवार

ताणून मोजले तर कपाळावरून भुवईच्या खाली येतात. मी तीनदा मोजले.

केस इतके दाट आहेत की आज पहिल्यांदा चार भाग करून धुवावे लागले. अर्लीन उशी टाकून माझ्या पायांत जमिनीवर बसते, पाठ माझ्या नडग्यांना टेकवते, लहानपणी बसायची तशी. मी टोकाकडून मुळाकडे बोटांनी गुंता सोडवत जाते. गुंतवळ निघते ती परसात पत्र्याच्या डब्यात जाळते. ती बाहेर टाकायची नाही, हे काय मला सांगायला हवं. पाखरानं नेऊन घरट्यात घातली की डोकेदुखी मागं लागते, वेडसुद्धा लागतं.

आज एक गंमत झाली. भांग पाडायचा आणि मान वळवून तेलाची बाटली घ्यायची, तर तेवढ्यात भांग मिटलेला. पुन्हा पाडला, पुन्हा मिटला. म्हटलं माझे डोळे गेले. चष्मा पुसला. तिसऱ्यांदा मी डोळे तिथंच रोखून धरले, आणि दोन्ही बाजूंचे केस एकमेकांकडे सरकताना मला दिसले. सावकाश, पीठ फुगतं तसे.

अर्लीनला म्हटलं, "तुझे केस माझं ऐकत नाहीत."

"मग आमच्या घराण्यात कोण ऐकतं," ती म्हणाली.

माझ्याबद्दल लिहायचं तर बोटं दुखायची थांबली. पळी धरून धरून सांधे सुजले होते, सकाळी मूठ मिटायची नाही. परवा लोणच्याच्या बरणीचं झाकण एका झटक्यात उघडलं. आज सुईत दोरा ओवला. त्याच सुईनं अर्लीनचा घागरा कमरेत घेऊन दिला, फारच सैल झालाय. आजारपणाची सूज उतरली असणार.

१४ मे, शनिवार

एक नर्स यायला लागली आहे, पामेला नावाची. मी न मागता आली, पैसे घेत नाही, वर हसतमुख. आठवड्यातून दोनदा येते, अर्लीनचा हात धरून बसते, दुखतं का विचारते, जिभेखाली घालायचे थेंब देऊन जाते. मी म्हटलं, रक्त तपासायचं नाही? फोटो काढायचा नाही? तर म्हणाली, "आता त्याची गरज नाही, मिस वर्नेल." ऐकून मला इतकं बरं वाटलं की तिला पीच घालून केलेला केक बांधून दिला. केक घेताना तिचे डोळे भरले. सध्याच्या पोरींना घरचं खायला मिळत नाही.

केस ताणून हनुवटीपर्यंत. पामेलासुद्धा बघत राहिली. म्हणाली, "असं मी कधी पाहिलं नाही."

"पाहाल कसं," मी म्हटलं.

अर्लीन दुपारभर झोपते. झोपेत बरी होतात माणसं.

४ जून, शनिवार

आज मनाला लागलं असं झालं. व्हरांड्यात टांगलेल्या फर्नच्या टोपलीत पाखरानं घरटं केलंय, हे मला माहीत होतं. पाणी घालायला टोपली उतरवली. घरट्याला आतून अस्तर होतं करड्या केसांचं. मऊ, गच्च, वाटीसारखं वळवलेलं. त्यात चार अंडी.

मी एकूणएक गुंतवळ जाळली आहे. स्वतः जाळली, राख होईपर्यंत उभी राहून. मग हे आलं कुठून?

काढायला बोट घातलं, तर एक केस बोटाला लागला आणि त्यानं दोन वेढे घेतले. वारा नव्हता. घरट्यातला केस ऊनऊन होता. अंड्यांची ऊब असेल, असं मी मनाला सांगितलं. टोपली होती तिथं टांगली आणि पायरीवर बसून राहिले.

आत जाऊन अर्लीनला विचारलं, "डोकं दुखतं का गं तुझं?"

"थोडंसं. का?"

"काही नाही," मी म्हटलं.

१८ जून, शनिवार

मिस ओझेलांना बोलावून आणलं. अठ्ठ्याऐंशीच्या आहेत, आमच्या चर्चमधल्या सगळ्यांत जुन्या, असल्या गोष्टी त्यांनाच विचारायच्या. घरटं बघतील म्हटलं. त्यांनी घरट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. थेट अर्लीनच्या खोलीत गेल्या. ती उशीवर झोपली होती आणि केस उशीभर पसरले होते. ताणायची गरजच नव्हती.

बराच वेळ बघून म्हणाल्या, "तुझ्या आईचेही शेवटी असेच वाढले होते."

"हो ना," मी म्हटलं. "कमरेपर्यंत. शवपेटीत ठेवलं तेव्हा लोक रांगेतून परत परत बघायला येत होते. शेवटचे सहा महिने मीच तर करत होते तिचे केस."

"तूच करत होतीस," मिस ओझेला म्हणाल्या. मग म्हणाल्या, "हात बघू तुझे."

मी हात पुढे केले. त्यांनी उलटे-सुलटे करून पाहिले. काठी धरून वाकड्या झालेल्या आपल्या बोटांशेजारी माझी बोटं ठेवून पाहिली. माझी अगदी सरळ, गुळगुळीत, नखं वाढलेली. कुणी म्हणणार नाही चौसष्टची बाई आहे. त्यांनी माझे हात माझ्या मांडीवर ठेवून दिले आणि स्वतःचे हात घागऱ्याला पुसले. जेवायला थांबा म्हटलं, तांबडा भात केलाय, तर नको म्हणाल्या. मिस ओझेला आजवर माझ्या घरून न जेवता गेलेल्या नाहीत.

वय झालं की माणसं विक्षिप्त होतात.

२ जुलै, शनिवार

लिहायला हात उठत नाही, पण लिहिते.

शॅरिस सुट्टीला आली आहे. सकाळी मी केस धुण्याचं पाणी घेऊन खोलीच्या दाराशी गेले, तर आतून तिचा आवाज आला. "मम्मा, आज सांग. नाहीतर मी सांगते. ती बिचारी पडदे विकत घेऊन आलीय, तुझ्या हिवाळ्यासाठी."

मी आत गेले. म्हटलं, "काय सांगायचंय ते मला तोंडावर सांगा."

शॅरिस बाहेर निघून गेली. अर्लीननं मला पलंगावर बसवलं. म्हणाली, "औषध रोग हटला म्हणून थांबलं नाही, नेल. मी थांबवलं."

"म्हणजे काय?"

"चालू ठेवलं तर नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगपर्यंत जगशील, असं डॉक्टर म्हणाले. ओकत आणि टकलानं. मी म्हटलं, नको. आणि पामेला बरं करायला येत नाही गं. जाणाऱ्याला दुखू नये म्हणून येते. तू तिला केक देत बसलीस."

मी म्हटलं, "केसांसाठी? केसांसाठी जीव दिलास तू?"

"केसांसाठी नाही. तुझ्या पायांत बसण्यासाठी. हॉस्पिटलात मरायचं तर मशीनशी बसून मरायचं. मला शनिवार हवे होते."

मला तिचा इतका राग आला की थोबाडीत मारावंसं वाटलं. माझ्या हातात टॉवेल होता, तोच पिळत राहिले. मग तिनंच विचारलं, "घरटं पाहिलंस? उशीवर पडलेली गुंतवळ मी ठेवत होते कठड्यावर. तू सगळी जाळायचीस. म्हटलं, कुणाच्यातरी कामी येऊ दे."

"तुला माहीत आहे त्यानं काय होतं ते."

"जे व्हायचं ते झालंच आहे," ती म्हणाली. मग डोळे मिटून म्हणाली, "आईचं मी पाहिलंय, नेल. तुझा हात काय करतो ते मला ठाऊक होतं."

"काय करतो?"

"वाढवतो," ती म्हणाली. आणखी विचारलं तर झोपेचं सोंग घेतलं.

पाणी थंड झालं. आज केस धुतले नाहीत.

५ जुलै

तीन दिवस विचार करतेय. पोरासोरांना सुद्धा कळावं ते मला कळलं नाही. हात वाढवतो, मान्य. पण वाढवायला आणतो कुठून? शून्यातून काही येत नाही, स्वयंपाकात आयुष्य गेलं माझं. आईचं मांस गेलं आणि केस आले. अर्लीनचं गेलं आणि केस आले, आणि जाता जाता माझी बोटंही बरी करून गेलं. मिस ओझेलांना एका नजरेत दिसलं. मी मात्र मोजत होते आणि मिरवत होते.

आता तिच्या डोक्याला हात लावणार नाही. मेले तरी नाही.

९ जुलै, शनिवार

आठवडा झाला. अर्लीन मागते. सरळ म्हणते, "नेल, केस कर ना." मी म्हणते, उद्या. शॅरिसला करू देते म्हटलं तर अर्लीन मान फिरवते. तिला शॅरिसचा हात नको.

माझी बोटं पुन्हा आखडली. सकाळी मूठ मिटली नाही. कधी नव्हे ते दुखणं गोड वाटलं. म्हटलं, माझ्याकडून तिच्याकडे परत जातंय. आणि आज तिनं अर्धी वाटी मक्याची पेज खाल्ली, मीठ-लोणी घालून. शॅरिसकडे बघून हसलीसुद्धा. मी स्वयंपाकघरात जाऊन गुडघ्यांवर बसले आणि देवाला सांगितलं, माझे हात लाकडाचे कर, पण हिला ठेव.

१४ जुलै

अर्लीननं खाल्लं ते त्या एकाच दिवशी.

केस वाढायचे थांबलेले नाहीत. मी हात न लावताही वाढतात, आणि विंचरल्यावाचून एकमेकांत घुसून त्यांची गादी झालीय, जाजमासारखी. ती उशीवर मान वळवते तेव्हा सगळं एकदम ओढलं जातं आणि ती कण्हते. थेंब दिले तरी कण्हते.

पामेला आज कात्री घेऊन आली. हळूच म्हणाली, "मिस वर्नेल, कापून टाकूया. तिला आराम पडेल."

अर्लीननं ऐकलं.  डोळ्यांतून पाणी कानाकडे वाहत होतं आणि ती पुसतही नव्हती. दोन वर्षं इतकं सोसलं तेव्हा ती माझ्यासमोर एकदाही रडली नव्हती.

मी खोलीबाहेर गेले. हात न लावून मी तिला वाचवत होते, आणि ती वाचत नव्हतीच, नुसती एकटी पडली होती. माझ्या हातानं नेलं असेल नाहीतर रोगानं नेलं असेल, मला आता सांगता येत नाही. तिनं मात्र ठरवून हाच हात मागितला होता. शनिवार हवे होते तिला, आणि त्यातले दोन मी फुकट घालवले.

आत येऊन पामेलाला म्हटलं, "कात्री ठेवा. परवा मी करते."

१६ जुलै, शनिवार

सकाळी नऊला बसले. अर्लीनला आता खाली बसवत नाही, म्हणून मीच पलंगावर भिंतीला टेकून बसले आणि तिला पायांत घेतलं, पाठ माझ्या पोटाशी. वजन काही नाहीच. कोमट पाणी, एरंडेल, शिया बियांचं लोणी, रुंद दातांचा कंगवा. शॅरिस पाणी बदलून देत होती, मग तिला मासे तळायला पाठवलं. असल्या वेळी घरात तळणाचा वास यायला पाहिजे.

पहिला तास बोटं हलेनात. मग केसांत गेली आणि सैल झाली. मला त्याची शिसारी आली, तरी थांबले नाही.

टोकाकडून सुरुवात केली. एकेक बट सोडवायची, तेल लावायचं, पिळून बाजूला करायची. दुपारपर्यंत गुंता सुटला. केस तिच्या मांडीवर येऊन पडले. ती मांडीवरच्या केसांवर हात फिरवत म्हणाली, "बघ. राणीसारखे."

"राणी दात घासते सकाळी," मी म्हटलं.

ती हसली. "तुझा हात जड झालाय नेल."

"तुझं डोकं पहिल्यापासून जड आहे. तरी मी कधी बोलले?"

"रोज बोलायचीस." मग थोड्या वेळानं म्हणाली, "किती वेण्या घालणार?"

"चोवीस. बारीक. मागं वळवून."

"घाई करू नकोस."

"मला काय कुठं जायचंय," मी म्हटलं.

पहिल्या दहापर्यंत ती मधूनमधून बोलत होती. आई व्हरांड्यात बसून शेंगा सोलायची ते, भाऊ झाडावरून पडला ते. मध्येच म्हणाली, "भरपूर वेळ घेतेस हं," आणि ते मला म्हणाली की आईला, कळलं नाही. पंधरावीला नुसता हुंकार. अठरावी घालताना तिची मान मागं येऊन माझ्या छातीवर टेकली, झोप लागलेल्या पोरासारखी. मी वेणी तशीच धरून थांबले. तिचा श्वास आला. मग बऱ्याच वेळानं एक आला. मग मी मनात शंभर मोजले, आणि पुन्हा शंभर मोजले.

तिचं कपाळ गार होत गेलं. केस मात्र गरम होते. सोडलेली बट माझ्या बोटाभोवती वळत होती, आणि मी ती उलगडून तीन पदर करत होते.

अर्धं डोकं केलेली बाई आमच्यात कुणापुढे जात नाही. दाराशी पाहुणा आला तरी ती आत पळते. मी अर्लीनला तशी कुणाला दाखवणार नव्हते, तिच्या लेकीलाही नाही. मी एकोणिसावीचा भांग पाडला.

स्वयंपाकघरातून शॅरिसनं विचारलं, "मावशी, झालं का? मासे गार होतायत."

"नाही अजून," मी म्हटलं. "सहा राहिल्यात. आत येऊ नकोस."